दुधाचे दात आणि आपली उदासीनता

शाळेच्या वार्षिकांकात आरोग्यावरील लेख म्हटला की त्यात सूर्यनमस्कार, पहाटे उठणे, मोकळी हवा आणि सात्त्विक आहार यांचे माहात्म्य असावयाचे, हे वाचकांच्या आता अंगवळणी पडले आहे. या गोष्टींचे महत्त्व कोण नाकारील? परंतु आहार कितीही सात्त्विक असला तरी तो ज्यांच्या योगे चावावयाचा ते दात मात्र आपल्या आरोग्यविचारात बहुधा उपेक्षितच राहतात. दातांची आठवण आपणांस होते ती दाढ ठणकू लागल्यावर, तीही अपरात्री. तोवर मुलाच्या दाढेत काळा ठिपका पडलेला असतो, ठिपक्याचा खड्डा झालेला असतो, आणि आई "दुधाचाच दात आहे, पडून जाईल" असे म्हणून स्वतःचे समाधान करून घेत असते.

'दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपल्या पूर्वजांनी दैवाच्या विपरीत न्यायावर रचली. म्हातारपणी चणे मिळाले तरी चावता येत नाहीत, असा तिचा रोख. तीच म्हण आज आठ-दहा वर्षांच्या मुलांना लागू पडावी, ही खेदाची गोष्ट होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की, जगातील ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. एवढ्या मुलांना एकच रोग होतो आणि तो बहुतांशी टाळता येण्याजोगा असतो, तेव्हा त्याला दैव म्हणता येणार नाही. दाताची कीड हा नशिबाचा भाग नसून सवयीचा भाग आहे, आणि ती सवय लावण्याचे उत्तरदायित्व घर व शाळा या दोहोंचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. त्या मताची कारणे पुढे मांडली आहेत.

प्रथम 'कीड' या शब्दाचाच विचार करू. धान्याला कीड लागते, लाकडाला कीड लागते, तशीच ती दातालाही लागते, अशी आपली समजूत या शब्दाने दृढ केली आहे. जत्रेत किंवा आठवड्याच्या बाजारात दातांतून 'किडे' काढून दाखविणारे लोक पुष्कळांनी पाहिले असतील. ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे असे नव्हे. दात पोखरणाऱ्या किड्याची कल्पना प्राचीन काळापासून अनेक देशांत होती. फ्रान्समधील दंतवैद्य प्येर फोशार याने १७२८ साली आपल्या ग्रंथात ती अमान्य केली. त्यापूर्वी, १६८३ साली, हॉलंडमधील लीवेनहूक याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव पाहून तो थक्क झाला. पुढे १८९० साली विलोबी मिलर याने आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, तोंडातील जंतू साखर व पिठूळ पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात झिजविते.

हीच ती कीड. दाताचे बाहेरचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते मानवी शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. परंतु त्यात जिवंत पेशी नसतात. कातडीची जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते. पण कवचाला एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. आपण गोड खाल्ले की थोड्याच मिनिटांत जंतूंचे आम्ल तयार होऊ लागते. आम्लता मोजण्याच्या पीएच नावाच्या मापावर तोंडातील आकडा सुमारे ५.५ च्या खाली उतरला की कवचातील खनिज विरघळू लागते. मग लाळ आपले काम करते: आम्ल सौम्य करते आणि आपल्यातील कॅल्शियम व फॉस्फेट कवचाला परत देते. हे पूर्वपदावर येण्यास अर्ध्यापासून एक तासापर्यंत अवधी लागतो. म्हणजे दातावर दिवसभर उणे-अधिक असा हिशेब चाललेला असतो. खर्चापेक्षा जमा अधिक राहिली तर दात टिकतो. खर्च वाढत गेला तर आधी खडूसारखा पांढरा डाग दिसतो आणि पुढे खड्डा पडतो. तो पांढरा डाग दिसताच आपण सावध झालो तर हानी भरून निघू शकते. काळा खड्डा पडल्यावर मात्र दंतवैद्याशिवाय गत्यंतर नाही.

हा हिशेब ध्यानी घेतला म्हणजे एक महत्त्वाचा प्रश्न सुटतो. मुलाने गोड किती खाल्ले, यापेक्षा ते किती वेळा खाल्ले, हे दातांच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरते. स्वीडनमधील विपेहोल्म येथील संस्थेत १९४५ ते १९५५ या काळात एक मोठा प्रयोग झाला. तेथील मतिमंद रुग्णांना, त्यांची संमती न घेता, निरनिराळ्या प्रकारे साखर खावयास घालण्यात आली. माणुसकीच्या दृष्टीने तो प्रयोग निंद्यच होता आणि त्याची पुढे कठोर निर्भर्त्सनाही झाली. तथापि त्यातून निघालेले सत्य नाकारता येत नाही. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांच्या दातांची हानी अल्प झाली. दोन जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफी खाणाऱ्यांच्या दातांची हानी फार मोठी झाली.

आपल्या इंदूर नगरीस हे सत्य विशेष उपयोगाचे आहे. येथील सकाळ पोहे-जिलेबीने उजाडते आणि रात्र सराफ्यातील खाऊगल्लीत मावळते. शिवाय आपण मराठी माणसे सणांना पुरणपोळी, मोदक आणि श्रीखंड यांवाचून अपुरे समजतो. या साऱ्यावर बहिष्कार घाला असे सांगणारा उपदेशक कोणास रुचणार नाही, आणि त्याने तसे सांगण्याची आवश्यकताही नाही. आपल्या जुन्या पद्धतीत पक्वान्न पानात वाढले जाई, जेवणाबरोबर संपत असे, आणि जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याचा दंडक असे. दातांच्या दृष्टीने ही रीत शहाणपणाची होती. संक्रांतीचा तिळगूळ दातांचा वैरी नव्हे. वैरी आहे ती खिशातली गोळी, जी शाळेत जाताना एक, मधल्या सुट्टीत दुसरी, आणि घरी परतताना तिसरी अशी चघळली जाते. तिच्याच जोडीला दाढेच्या खाचेत तासन् तास चिकटून बसणारे क्रीमचे बिस्किट आहे, आणि घोटाघोटाने तासभर पुरविले जाणारे बाटलीतले शीतपेय आहे. अशा ३०० मिलिलिटरच्या बाटलीत बहुधा सुमारे ३० ग्रॅम साखर असते. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत राहावी, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिला आहे. पाच टक्के म्हणजे प्रौढ माणसास दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅम. एका बाटलीतच मोठ्या माणसाची ही मर्यादा ओलांडली जाते, मग लहान मुलाची गोष्ट काय सांगावी!

आता त्या सुप्रसिद्ध वाक्याकडे वळू: "दुधाचे दात पडायचेच आहेत." हे वाक्य खरे आहे, परंतु अर्धेच खरे आहे. दुधाचे दात वीस असतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकावयाच्या असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या दाढेला कीड लागली तर ती दाढ आणखी सात-आठ वर्षे त्याच्या कामी यावयाची असते. दुधाच्या दाताचे कवच पातळ असल्याने कीड आतल्या शिरेपर्यंत लौकर पोहोचते. मग पू होतो, गाल सुजतो, मूल एकाच बाजूने चावू लागते, जेवणाचा कंटाळा करते, रात्री झोपत नाही आणि वर्गात पेंगते. मुळाशी साठलेल्या पुवाचा उपद्रव खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही होऊ शकतो. दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेकडे झुकतात आणि नव्या दाताची वाट अडते. दुधाचा दात हा पुढच्या दाताची जागा राखून ठेवणारा राखणदार आहे. राखणदारालाच घालविले तर जागा कोणाच्या भरवशावर राहणार?

याहून मोठी फसगत सहाव्या वर्षी होते. या सुमारास दुधाच्या सर्व दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाच्या ती लक्षातही येत नाही. आणि लक्षात आली तरी ती दुधाचीच समजली जाते. वस्तुतः ती कायमची पहिली दाढ असते आणि तिने आयुष्यभर साथ द्यावयाची असते. तिच्या माथ्यावरील खाचा खोल असतात, ब्रशाचे केस त्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाहीत, आणि म्हणून ती फार वेळा किडते. पहिली-दुसरीत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा लेख वाचून दुसरे काही केले नाही तरी चालेल. पण आज रात्री दिव्याच्या उजेडात मुलाचे तोंड उघडून ही दाढ अवश्य पाहावी. तिच्या खाचा पातळ लेपाने बुजविण्याची सोय दंतवैद्याकडे असते. या लेपासाठी दात कोरावा लागत नाही आणि मुलाला वेदनाही होत नाहीत.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "आमच्या वेळी कोठे होते ब्रश आणि पेस्ट? आम्ही राखुंडीने दात घासले आणि ऊस सोलून खाल्ले." या म्हणण्यात तथ्यांश आहे, पण त्या वेळी प्रत्येक कोपऱ्यावरच्या दुकानात रंगीत गोळ्यांच्या बरण्या नव्हत्या आणि घरोघरी साखरेचा डबा आजच्यासारखा भरलेला नसे. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० च्या सुमारास सुरू झाले आणि पुढे साखरेने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत समृद्धी आणली, याचा आपल्याला अभिमानच आहे. परंतु घरात जिन्नस वाढला की त्याच्या वापराचा विवेकही वाढावयास हवा. शिवाय जुन्या पिढीचे सर्वच काही अनुकरणीय होते असे नाही. राखुंडीच्या खरखरीने दात झिजत. भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावण्याचे व्यसन तर कित्येक आजीबाईंना दात घासण्याच्या निमित्तानेच जडले. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास आपल्या देशात १९९२ साली बंदी झाली, ती योग्यच झाली.

परंपरेचा आधार हवाच असेल तर तो खऱ्या अर्थाने घ्यावा. चरकसंहितेत दंतधावन दिवसातून दोन वेळा करावे असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत कडुनिंब, खैर, करंज इत्यादी झाडांच्या काड्यांचे गुण वर्णिले आहेत. रात्री दात घासणे हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. किंबहुना दोहोंपैकी रात्रीचे घासणेच अधिक मोलाचे आहे. कारण झोपेत लाळ अगदी कमी सुटते आणि दाताचा पाठीराखा त्या वेळी गैरहजर असतो. याच कारणास्तव तान्ह्या मुलाला तोंडात दुधाची बाटली देऊन झोपविणे, अथवा चोखणीला मध लावणे, ही माया नव्हे. तो मुलाच्या दातांचा घात होय.

टूथपेस्टमधील फ्लोराइडविषयी लोकांच्या मनात संभ्रम आहे. त्याचे निरसन करणे अगत्याचे वाटते. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके हा दंतवैद्य १९०१ साली आला. तेथील कित्येकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. तथापि पुढे त्याच्या लक्षात आले की, असल्या डागाळलेल्या दातांना कीड मात्र क्वचितच लागते. याचे कारण पाण्यातील फ्लोराइड होय, हे १९३१ साली निश्चित झाले. मग १९४५ च्या जानेवारीत ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यात अल्प प्रमाणात फ्लोराइड मिसळण्यास आरंभ झाला आणि त्यानंतर तेथे जन्मलेल्या मुलांत दातांची कीड साठ टक्क्यांहून अधिक घटली. अल्प फ्लोराइड कवचाला बळकटी देते. तेच अधिक झाले तर दातांवर डाग पाडते, आणि फारच झाले तर हाडेही वाकविते. आपल्या देशात हा दुसरा प्रकार काही थोडाथोडका नाही. इंदूरच्या शेजारच्या धार व झाबुआ जिल्ह्यांतील कित्येक गावांना भूगर्भातील पाण्याच्या अति फ्लोराइडचा त्रास आहे. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत, आणि अन्य पाणी नसेल तर फार तर दीड मिलिग्रॅमपर्यंत, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. तुरटी व चुना वापरून हे अधिकचे फ्लोराइड काढण्याची 'नालगोंडा' पद्धती नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सिद्ध केली, ही आपल्याला भूषणावह गोष्ट आहे. तेव्हा ज्यांच्या घरी कूपनलिकेचे पाणी पिण्यात येते त्यांनी ते तपासून घ्यावे. परंतु पेस्ट ही गिळावयाची वस्तू नव्हे, थुंकावयाची आहे. दशलक्ष भागांत सुमारे १००० भाग फ्लोराइड असलेली पेस्ट तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पुरे होते. जाहिरातीत दाखवितात तशी ब्रशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्ट पसरणे हे दुकानदाराच्या हिताचे आहे. मुलाच्या हिताचे नाही. आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी आपल्या हाती घ्यावा. ज्या मुलाला अजून बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याच्या हातून मागची दाढ स्वच्छ होईल अशी अपेक्षा का धरावी?

आता शाळेविषयी. वाढदिवसाला वर्गात टॉफ्या वाटण्याची प्रथा आपल्या शाळांतून रूढ झाली आहे. पन्नास मुलांच्या वर्गात वर्षाला पन्नास वाढदिवस येतात आणि शाळेचे कामाचे दिवस दोनशे-सव्वादोनशे असतात. याचा अर्थ दर चार-पाच दिवसांनी भर वर्गात, दोन जेवणांच्या मध्ये, चिकट गोळी वाटली जाते, आणि ती शिक्षकांच्या देखत खाल्ली जाते. आरोग्याच्या तासाला आम्ही फळ्यावर दाताची आकृती काढावयाची आणि पुढच्या तासाला टॉफी वाटण्यास अनुमती द्यावयाची, यातील विसंगती चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटत नाही. मुलाचा आनंद हिरावून घ्यावा असे येथे सुचवावयाचे नाही. पेरू, बोरे, भाजलेले शेंगदाणे वा फुटाणे वाटता येतील. एखादे पुस्तक वर्गाच्या पेटीला देता येईल आणि त्यावर मुलाचे नाव व तारीख घालता येईल. टॉफी दहा मिनिटांत संपते. पुस्तकावरचे नाव पुढच्या वर्गातील मुलेही वाचतात.

दुसरी सूचना अशी की, मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर प्रत्येक मुलाने नळावर चूळ भरूनच वर्गात यावे. याला पैसा लागत नाही. लागते ती केवळ शिस्त आणि पुरेसे नळ. तिसरी सूचना, वर्षातून एकदा दातांची तपासणी व्हावी आणि तिची नोंद प्रगतिपुस्तकात उंची-वजनाच्या शेजारी असावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथे सुरू झाला. त्यात शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. इंदुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. शाळेने विनंतीपत्र पाठविले तर तेथील तज्ज्ञांचे साहाय्य मिळविणे अशक्य वाटत नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. दंतवैद्याची पायरी मध्यम स्थितीतील कुटुंबास सहज परवडणारी नसते, हे मान्य केले पाहिजे. परंतु महाग आहे तो उपचार, प्रतिबंध नव्हे. चूळ फुकट आहे, रात्रीचे दोन मिनिटांचे घासणे जवळजवळ फुकट आहे, आणि न घेतलेल्या गोळीचे तर पैसेच वाचतात. फ्लोराइडची पेस्ट, तसेच कोरल्यावाचून कीड थोपविणारे चांदीयुक्त फ्लोराइडचे औषध, यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. दातांचे आरोग्य ही श्रीमंतांची चैन नसून सर्वांची गरज आहे, ही मान्यताच यातून मिळाली. ज्या घरी पैसा बेताचा आहे त्या घरी प्रतिबंधाची आवश्यकता उलट अधिकच आहे. कारण तेथे ठणकणाऱ्या दाढेवर लवंग दाबून दिवस ढकलण्यात येतात आणि अखेरीस दाढ गमवावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, इतिहासाच्या सनावळ्या विसरल्या तर पुन्हा पाठ करता येतात. एका वर्षी गुण कमी पडले तर पुढच्या वर्षी ते भरून काढता येतात. कायमचा दात मात्र दुसऱ्यांदा उगवत नाही. त्या परीक्षेला पुरवणी परीक्षा नाही. आणि पालकहो, आपण मुलांच्या शिकवणीसाठी, वह्यापुस्तकांसाठी हात आखडता घेत नाही. त्याच मुलासाठी रोज रात्री दोन मिनिटे आणि ब्रश धरणारा एक हात, एवढेच मागणे आहे. ते मान्य झाले तर पुढील वर्षीच्या अंकात दातदुखीऐवजी चणे-फुटाण्यांच्या गोष्टी लिहिता येतील.